कडू गंगा

माझा स्वभाव तापट आहे, हे मी लपवत नाही. लपवायला गेलो तरी लपणार नाही. कल्याणात अजूनही एखादी म्हातारी नातवाला माझ्या दवाखान्यात आणताना पायरीवरच बजावते, "गप बस हं, डॉक्टर ओरडतात." दिलेलं औषध कुणी घेतलं नाही की माझं डोकं फिरतं, ते खरंच आहे. पण औषध कशाचं आहे, कशात कालवलंय, कुणाच्या हातचं आहे, असं कुणी विचारलं तर मी जे असेल ते सांगतो. मग तो ते घेवो, नाहीतर मोरीत ओतो. ही सवय मला कॉलेजानं लावली नाही. ती आमच्या आत्यामुळे लागली.

मी तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील मुरबाडच्या कचेरीत कारकून होते. महिन्यातून दोनदा बैलगाडीनं घरी यायचे, दोन दिवस राहायचे आणि परत जायचे. त्यामुळे काळ्या तलावाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत माणसं दोनच, मी आणि आत्या. आत्या ही वडिलांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन माहेरी आली ती कायमचीच. लाल आलवण, ठेंगणी मूर्ती, आणि आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाया मान वर करून बघत. मला न्हाऊमाखू घालणं, मारणं, शाळेत पोचवणं, सगळं तिनंच केलं. माझा राग माझ्यात आला कुठून, हे कुणी विचारायची गरज नव्हती.

खोटं मात्र तिला बोलता येत नसे. येत नसे म्हणजे अक्षरशः येत नसे. एकदा मी अभ्यासाला बसलो असताना एक चिकट गृहस्थ दारात आले. मी आतून हातानं खुणावलं, नाही म्हणून सांग. आत्या दारात गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आहे घरात. पण नाही म्हणून सांग म्हणतोय." मी चरफडलो. ती म्हणाली, "मग तू स्वतः सांग की, मला कशाला पुढं करतोस?"

मुंबईच्या वैद्यकीय कॉलेजातलं ते माझं तिसरं वर्ष. पहाटेची आगगाडी धरायची, दीड तास बसायचं, तिथून वॉर्ड, मग व्याख्यानं, मग चिरफाडीची खोली, आणि दिवेलागणीला परत. कल्याणला उतरलो की घरी न शिरता आधी मागच्या विहिरीवर जायचं, कपडे तिथंच टाकायचे, चार बादल्या पाणी डोक्यावर घ्यायचं, आणि मगच उंबरा ओलांडायचा. हे आत्याचं कलम होतं आणि त्याला अपील नव्हतं. गाडीत मी हाडं पाठ करायचो. मनगटाची आठ बारकी हाडं एका फडक्यात बांधून बरोबर असायची. शेजारचा उतारू एकदा प्रेमानं म्हणाला, "सुपारी आहे वाटतं? एक खांड द्या की." मी फडकं उघडून दाखवलं. पुढं ठाण्यापर्यंत अख्खा बाक मला एकट्याला मिळाला.

हे सांगतोय ते एवढ्यासाठी की मी फार कामात असे आणि फार कामात आहोत याचा मला भारी तोरा होता. गल्लीतले लोक मला आत्ताच डॉक्टर म्हणायला लागले होते. रविवारी ओट्यावर दोनचार जण जीभ बाहेर काढून बसलेले असायचे. मीही मान वाकडी करून बघायचो. खरं तर मला तेव्हा जिभेवरून काही म्हणता काही कळत नव्हतं.

त्या वर्षी भाद्रपदानंतर घरोघर थंडीताप आला. एक दिवस हुडहुडी भरून ताप, दुसरा दिवस बरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. आत्याही पडली. पहिल्यांदा तिनं काढे घेतले. दोन खेपा झाल्यावर मी वॉर्डाच्या कंपाउंडरकडून कोयनेलची, म्हणजे क्विनाईनची, बाटली आणली. तेव्हा बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून देत. एकेका खुणेपर्यंत एकेक मात्रा, दिवसातून तीन. मी पहाटे निघता निघता ती बाटली तिच्यापुढं ठेवली.

आत्यानं बाटलीला हात लावला नाही. बघत राहिली. मग विचारलं, "ह्यातलं पाणी कुणी भरलं?"

"औषध आहे गं ते."

"औषध असेल. पाणी कुणी भरलं?"

मला गाडी दिसत होती. त्या दिवशी वॉर्डात मोठे साहेब फेरीला येणार होते आणि उशीर झालेल्याला ते सगळ्यांदेखत खडसावत. आणि इथं ही बाई, ताप अंगात असताना, पाणी कुणी भरलं म्हणून विचारत बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "गंगेचं आहे, गंगेचं! माझ्या वर्गातल्या एकाचे वडील काशीहून आलेत, त्यांच्याकडून मागून घेतलं मुद्दाम तुझ्यासाठी, आणि त्यात औषध कालवलं. झालं समाधान?"

आत्याचा चेहरा एकदम निवळला. तिनं दोन्ही हात जोडले, बाटलीला की मला, कुणास ठाऊक. म्हणाली, "एवढं केलंस होय रे माझ्यासाठी? आणि मी मेली शंका काढत बसले."

मी धावत स्टेशनावर गेलो. गाडी मिळाली. सांगायला लाज वाटते, पण ठाणं येईस्तोवर मी त्या युक्तीवर खूष होतो.

संध्याकाळी परत आलो तर ओट्यावर बाटली पालथी घातलेली. रिकामी, राखेनं घासून लख्ख, पट्टीसुद्धा धुऊन गेलेली. म्हटलं, वा, एका दिवसात दोन दिवसांचं औषध संपवलं की काय! "सगळं घेतलंस?" म्हणून ओरडलो, तर आतून, "कामं करू दे रे मला, काय ती बाटली बाटली," असं उत्तर आलं. मी दुसरी बाटली आणली. मग तिसरी, मग चौथी. दर वेळी ओट्यावर रिकामी, लख्ख बाटली. आणि आत्याचा ताप मात्र दिवसाआड हजर. महिन्याभरात तिचे गाल आत गेले, डोळे पिवळसर दिसायला लागले, पाण्याची कळशी उचलताना हात थरथरायला लागले.

त्याच सुमारास आमच्याकडे मीठ आणणारा आगरी गडी तापानं पडला होता. डोंबिवलीकडचा, खाडीच्या मिठागरात राबणारा, धिप्पाड माणूस. त्यालाही मी तीच बाटली दिली, तेवढीच मात्रा सांगितली. पंधरा दिवसांनी तो डोक्यावर मिठाची पाटी घेऊन दारात उभा. "लय कडू हाय रं दादा तुजा औशिद," म्हणाला, "पन ताप पलाला बग." तो हसत होता आणि मी मात्र मनात आत्याच्या तापाचे दिवस मोजायला लागलो. त्याला लागू पडलं आणि आत्याला का नाही? म्हणजे हा साधा थंडीताप नाही. म्हणजे क्षय? की आणखी काही? पुस्तक उघडलं की प्रत्येक पानावरचा रोग मला आत्यात दिसायला लागला. ती गेली तर ह्या जगात मला ओरडणारं कुणी राहणार नव्हतं. हा विचार आला आणि गाडीत बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले.

शेवटी मी साहेबांना गाठलं. आमचे साहेब गोरे, थोडके बोलणारे. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिनं औषध गिळताना तू पाहिलंस?"

मला राग आला. म्हणालो, "साहेब, माझी आत्या खोटं बोलत नाही."

"मी तिच्याबद्दल विचारलं नाही," साहेब म्हणाले. "तू पाहिलंस का, एवढंच विचारलं."

मी पाहिलं नव्हतं. पहाटे अंधारात निघणारा आणि दिवेलागणीला येणारा माणूस काय बघणार? रविवारी घरी असायचो, तर ओट्यावर लोकांच्या जिभा बघत बसायचो.

पुढच्याच सोमवारी आमची वॉर्डातली तोंडी परीक्षा होती. आत्याचा तापाचा दिवस नेमका सोमवारीच येत होता. मी पहाटे उठलो, कपडे केले, पिशवी घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. आत्या कोपऱ्यात दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होती. मला बघून म्हणाली, "गाडी जाईल ना रे."

"जाऊ दे. औषध घेतलंस का?"

"आज कसं घेऊ?"

"का? आज काय आहे?"

"अंघोळ कुठं झालीय? हे असं अंगात असताना थंड पाण्याखाली बसू? आणि बिनअंघोळीची गंगेला शिवू?"

माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. मी खाली बसलो. एकेक विचारत गेलो आणि ती सरळ सांगत गेली. लपवायचं तिच्या मनातही नव्हतं, मी कधी विचारलंच नव्हतं एवढंच. काचेची बाटली देवघरात कशी ठेवायची, म्हणून बाटली आली की ती तांब्याच्या गडूत ओतून ठेवायची. ताप नसेल त्या दिवशी अंघोळ, पूजा झाली की सोवळ्यात एक पळी घ्यायची. तापाच्या दिवशी अंघोळ नाही, म्हणून औषध नाही. तीनदा घ्यायचं म्हणून मी सांगितलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. "पण गंगा काय अशी घटाघटा प्यायची असते का रे?" ती म्हणाली. "तीर्थ पळीनंच घेतात. बाकीचं ठेवलंय जपून. शेवटाला लागेल, मला आणि चार जणांना."

मी देवघराशी गेलो. तिथं गडू होता, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं, वर तुळशीचं पान. फडकं सोडलं. चार बाटल्यांचं औषध आत जवळजवळ जसंच्या तसं होतं. आम्ल असलेलं औषध तांब्यात राहून हिरवट पडलेलं. महिनाभर ज्याच्यासाठी मी रोगांची पुस्तकं धुंडाळत होतो ते तिथं देवापुढं ठेवलेलं होतं, आणि आत्या दोन हातांवर गोधडीत मरत होती.

मग मी ओरडलो. तसं ओरडायला नको होतं, हे आज कळतं. "अगं, गंगेचं नाहीये ते! दवाखान्यातल्या नळाचं पाणी आहे! तू घ्यावंस म्हणून मी थाप मारली होती, तेवढंही कळू नये तुला?"

आत्याची हुडहुडीसुद्धा क्षणभर थांबल्यासारखी वाटली.

"नळाचं?"

"हो."

"काशीहून आलेले ते कोण, तेही नाहीत?"

"नाहीत."

मला वाटलं, आता धर्म बुडाला म्हणून आकांत करेल, मला शिव्या देईल. शिव्यांची मी वाटच बघत होतो. पण ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मग मी काकूंच्या तोंडात काय घातलं रे?"

काकू म्हणजे भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्या. त्यांचा मुलगा इथल्याच शाळेत मास्तर. काकू अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि आठच दिवसांपूर्वी गेल्या होत्या. जाताना मास्तरांच्या घरात गंगा नव्हती, म्हणून आत्या तापातून उठून, अंघोळ करून, आपल्या गडूतली पळी घेऊन गेली होती. मी त्या वेळी कॉलेजात होतो.

"त्यांनी तोंड वाकडं केलं होतं," आत्या म्हणाली. "मला वाटलं, जीव जाताना होतं तसं."

मी काहीबाही बोललो. पाणी शेवटी पाणीच असतं, गंगा काय आणि नळ काय, दोन्हींत तेच दोन वायू असतात, काकूंना थेंबभर औषधानं काही अपाय झालेला नाही. सगळं शास्त्रशुद्ध होतं आणि बोलताना माझं मलाच किळसवाणं वाटत होतं. आत्यानं भिंतीकडे तोंड केलं. "ते तुझ्या पुस्तकात," एवढंच म्हणाली.

मी गडू उचलला, मागं नेऊन केळीच्या बुंध्याशी रिकामा केला आणि तसाच कल्याणच्या सरकारी दवाखान्यात पळालो. तिथला कंपाउंडर म्हातारा मुसलमान गृहस्थ होता. कोयनेल हवं, घरी आत्या आहे, सोवळ्यातली आहे, एवढं मी धापा टाकत सांगितलं. त्यानं शांतपणे खण उघडला आणि कोरड्या पुड्या मोजून माझ्या हातावर ठेवल्या. "अशा घरी आम्ही बाटली देतच नाही," तो म्हणाला. "पुडी न्यायची, त्यांच्या विहिरीच्या पाण्यात त्यांनीच कालवायची. का, तुमच्या कॉलेजात हे सांगत नाहीत?"

नाही सांगत. आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण मला गाडी धरायची होती. महिनाभराचा आत्याचा ताप, माझी थाप, काकूंचं वाकडं झालेलं तोंड, सगळं चार कोरड्या पुड्यांनी टळलं असतं. त्या दवाखान्याच्या पायरीवर वाटली तितकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

घरच्या विहिरीच्या पाण्यात पुडी कालवून मी आत्यापुढं धरली. ती मुकाट्यानं प्यायली. त्या दिवसापासून तापाचा दिवस असो, नसो, तीनदा प्यायली. पंधरा दिवसांत उठून बसली आणि महिन्यानं तलावावरच्या बायांना पुन्हा तिचा आवाज ऐकू यायला लागला. माझी हुकलेली परीक्षा साहेबांनी नंतर घेतली. काय झालं ते मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसती मान हलवली.

मास्तरांना जाऊन खरं सांगून यावं, असं मी आत्याला म्हटलं. ती एकदम उसळली. "खबरदार! तू सांगून मोकळा होशील, आणि तो पोर जन्मभर आईच्या तोंडात काय गेलं ते आठवत बसेल. काही सांगायचं नाही." तिनं स्वतः मात्र गुपचूप प्रायश्चित्त घेतलं, किती तरी सोमवार उपाशी राहिली. मास्तर मोठे भाविक आणि उपकार न विसरणारे. दर पितृपक्षात येऊन आत्याच्या पाया पडायचे. म्हणायचे, "आत्याबाई, तुमच्यामुळे आईच्या मुखी गंगा पडली." आत्या मान खाली घालायची आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. जिला दारातल्या माणसाला घरात कुणी नाही एवढंही सांगता येत नव्हतं, तिला मी हे करायला लावलं होतं. तेवढा वेळ मी खोलीत थांबत नसे.

माझ्याशी ती पूर्वीसारखीच वागायची. ओरडायची, वाढायची, विहिरीवर पिटाळायची. फक्त एक बदल झाला. मी शेवटची परीक्षा पास झालो तो कागद घेऊन घरी आलो, तिच्या हातात दिला, म्हणालो, "आत्या, झालो डॉक्टर." तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटसुलट करून पाहिला, पदरात घेतला आणि पलीकडे मास्तरांकडे वाचून घ्यायला गेली. परत आली ती साखर घेऊनच. मी साखर खाल्ली. गोड लागली असं म्हणवत नाही.

पुढं कल्याणातच मी दवाखाना थाटला. वर्षं गेली, वडील गेले, आत्या पार वाळून गेली. मास्तर पेन्शनीत निघाले आणि काशीयात्रा करून आले. येताना लाखेनं तोंड बंद केलेला गंगेचा गडू आणला, आणि आपल्या घरी न ठेवता आधी आत्याच्या हातात दिला. "आईच्या वेळी तुम्ही दिलीत, आता ही तुमची," म्हणाले. आत्या त्या दिवशी जेवली नाही.

माघात तिची वेळ आली. ह्या खेपेला रोग काय आहे ते मला नीट ठाऊक होतं आणि त्यावर औषध नव्हतं, पुडीतही नाही आणि बाटलीतही नाही. दुपारचे तीन वाजले असतील. उशाशी मी, पायाशी मास्तर. मी अंघोळ करून आलो, गडूची लाख फोडली, पळी भरली आणि तिच्या ओठांशी नेली. तोवर गल्लीच काय, अर्धं कल्याण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून माझ्या हातचं विषही प्यायलं असतं.

आत्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"तू आणलंस?"

"नाही गं आत्या," मी म्हणालो. "मास्तरांनी आणलंय."

तिनं मान किंचित उचलून पायाशी पाहिलं. मास्तर रडत होते. त्यांनी हात जोडले आणि मान हलवली.

मग तिनं तोंड उघडलं.